खाऱ्या वाऱ्यातले श्रवणयंत्र: काकांच्या वापरावरून एक अभिप्राय

श्रवणयंत्रांविषयी जे अभिप्राय वाचायला मिळतात, ते बहुधा यंत्र घेतल्यापासून पंधरवड्याच्या आत लिहिलेले असतात आणि लिहिणारा शहरात, कोरड्या खोलीत बसलेला असतो. हा अभिप्राय कानामागे लावायच्या एका मध्यम किमतीच्या डिजिटल यंत्राविषयी आहे. माझ्या काकांनी ते दापोली तालुक्यात हर्णैच्या बाजूला, जिथे मागच्या पडवीतून समुद्र दिसतो अशा घरात, कितीतरी पावसाळे वापरले. काका गेल्या वर्षी गेले. यंत्र अजून चालू स्थितीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण त्या किमतीतली बहुतेक यंत्रे एकाच जातीची असतात आणि मला जे सांगायचे आहे त्याचा संबंध कंपनीपेक्षा किनाऱ्याशी अधिक आहे. कोकणात श्रवणयंत्र घ्यायचे असेल, तर ते किती बारीक आवाज पकडते हे विचारण्याआधी ते दमट हवेत कोण सांभाळणार, त्याचा सेल कुठे मिळणार आणि बिघडले तर किती लांब जावे लागणार, हे विचारावे, असे काकांचे यंत्र जवळून पाहिल्यावर माझे मत झाले आहे.

काकांना सातव्या वर्षी मेंदूज्वर झाला. ताप उतरला, जीव वाचला, पण ऐकणे गेले. मेंदूच्या आवरणांना आलेली सूज अशा आजारात आतल्या कानापर्यंत पोहोचू शकते आणि कर्णावर्तातल्या, म्हणजे त्यातल्या शंखासारख्या भागातल्या, आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म केसपेशी मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत, त्यामुळे या बहिरेपणावर औषध नाही. मात्र सात वर्षे भाषा कानावर पडलेली असल्यामुळे काकांचे बोलणे स्वच्छ होते, फक्त स्वतःच्या आवाजाचा अंदाज त्यांना नसे. घरातली एखादी खासगी गोष्ट त्यांच्याशी बोलावी, तर त्यांच्या उत्तरावरून ती शेजारच्या वाडीला कळे. म्हणून लग्नाच्या बोलाचाली त्यांना काहीतरी निमित्ताने बंदरावर धाडून उरकल्या जात. हे त्यांना ठाऊक होते आणि त्याचा त्यांना रागही येत असे.

पुढे रीतसर ऑडिओग्राम, म्हणजे कान तपासून केलेला ऐकण्याचा आलेख, काढला, तेव्हा दोन्ही कानांत ऐकण्याची ऐंशी डेसिबलच्या आसपास न्यूनता निघाली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याप्रमाणे, बोलण्याच्या पट्ट्यात दोन्ही कानांची न्यूनता ७० डेसिबल असली की ती व्यक्ती कर्णबधिर गणली जाते, म्हणजे काका त्या व्याख्येत पुरेपूर बसत होते. प्रत्यक्षात त्यांना अगदी काहीच ऐकू येत नव्हते असे नाही. ढोलकी, बोटीचे इंजिन, मोठ्याने उच्चारलेले स्वर त्यांच्यापर्यंत पोहोचत. स, श, फ, ख यांसारखे बारीक वर्ण मात्र पूर्ण हरवलेले असत. ही तफावत यंत्र घेणाऱ्याच्या घरच्यांनी नीट समजून घ्यावी, कारण पुष्कळांची अशी कल्पना असते की बहिरेपण म्हणजे आवाज कमी करून ठेवलेला रेडिओ, आणि यंत्र म्हणजे तो मोठा करणारी कळ. काकांचा आवाज कमी झालेला नव्हता. त्यातला बोलण्याचा अर्थ ज्यात असतो तो भागच गळून गेलेला होता.

आमच्या घरातले हे पहिले यंत्र नव्हे. १९८० च्या दशकात आजीने सुपारीच्या पैशांतून काकांसाठी मुंबईहून खिशात ठेवायचे यंत्र मागवले होते. काडेपेटीहून मोठी अशी ती डबी सदऱ्याच्या खिशात राही आणि तिच्यातून निघालेली वायर कानापर्यंत जाई. काका वाकले की डबी खिशातून बाहेर डोकावे, म्हणून आजीने त्यांच्या सगळ्या बनियनना मध्यभागी बटणाचा कप्पा शिवून दिला होता. परिणामी यंत्राला माणसांपेक्षा सदऱ्याची सळसळ जास्त ऐकू येई. आवाजाच्या दृष्टीने ते यंत्र डिजिटलच्या जवळपासही येत नाही. पण त्यात साधा पेन्सिल सेल चाले, जो कोणत्याही वाण्याकडे मिळतो. वायर तुटली, तर बाजारातला रेडिओ दुरुस्त करणारा ती डाग देऊन जोडून देई. जाड बोटांनाही त्याचे चाक फिरवता येई. आज कोणी ते घ्यावे असे मी म्हणणार नाही. तरीही ज्यांची बोटे थरथरतात किंवा ज्यांना दिसतेही कमी, अशा वृद्धांसाठी खिशातली यंत्रे अजून मिळतात आणि दुकानदाराने नाक मुरडले तरी त्यांचा विचार करायला हरकत नाही.

डिजिटल यंत्र घ्यायला काकांना मुंबईला मी घेऊन गेले होते. दुकानाचे नाव देण्यात अर्थ नाही, पण तिथली पद्धत सांगते, कारण ती अनेकांच्या वाट्याला येते. काउंटरवरचा तरुण सबंध वेळ माझ्याशी बोलला. "यांना किती वर्षांपासून प्रॉब्लेम आहे? यांना चालेल का हे? यांचे बजेट किती?" काका माझ्या शेजारच्या खुर्चीत, त्याच्या ओठांकडे पाहत बसलेले होते आणि त्यांना सगळे कळत होते, तो अधूनमधून तोंड संगणकाकडे वळवी तेवढे सुटत होते. शेवटी काकांनीच, सवयीप्रमाणे दुकानाबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात, "पैसे मी देणार आहे, मला विचारा," असे सांगितले. यंत्र घ्यायला जाणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट जरूर पाहावी: विकणारा कोणाकडे तोंड करून बोलतो. ज्याला बहिऱ्या माणसाकडे तोंड करून बोलता येत नाही, तो पुढची देखभाल काय करणार?

यंत्र बसवण्याची चाचणी आवाजबंद खोलीत झाली. डिजिटल यंत्र आवाजाचे वेगवेगळे पट्टे पाडते आणि ऑडिओग्राममध्ये जिथे न्यूनता जास्त, तिथे जास्त भर घालते. हळू आवाज पुष्कळ वाढवते, मोठा आवाज थोडाच. ही मांडणी संगणकावर करतात आणि ती माणसागणिक वेगळी असते. त्या खोलीत काकांना सगळे छान वाटले. खाली रस्त्यावर आल्यावर बसचा ब्रेक, हॉर्न, फेरीवाले असे सगळे एकदम अंगावर आले आणि त्यांनी यंत्र काढून खिशात ठेवले. हा दोष यंत्राचा नाही. साठ वर्षे न ऐकलेल्या आवाजांची मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात, आणि त्या काळात आवाजाची मांडणी दोन-तीन वेळा बदलून घ्यावी लागते. दुकानाने हे सांगितले नाही, उलट पंधरा दिवसांनंतरच्या भेटीचे वेगळे पैसे मागितले. पुढे जिल्ह्यातल्याच एका शहरात आठवड्यातून एक दिवस येणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, बाईंनी तेच यंत्र संगणकाला जोडून पुन्हा बसवले, तेव्हा ते खऱ्या अर्थाने उपयोगाचे झाले. त्यांनी काकांना पहिला प्रश्न विचारला तो असा: तुम्ही दिवसभर कुठे असता?

काका दिवसाचा बराच भाग हर्णैच्या लिलावात असत. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. बोटी थोड्या आत उभ्या राहतात, मासळी होड्यांतून आणि बैलगाड्यांतून पुळणीवर येते, टोपल्या ओतल्या जातात आणि प्रत्येक ढिगाभोवती माणसांचे कडे पडून बोली सुरू होते. सुरमई, पापलेट, कोळंबी, म्हाकूळ, सगळ्यांचे लिलाव एकाच वेळी, हाताच्या अंतरावर, आणि सगळे ओरडून. काका एका व्यापाऱ्याचा हिशेब लिहीत. कड्यात घुसून, वही पोटाशी धरून, ते बोली पुकारणाऱ्या बाईच्या समोर उभे राहत. बाजूला कधीही नाही. ओठांवर 'सात' आणि 'साठ' जवळजवळ सारखेच दिसतात, कारण 'त' आणि 'ठ' मधला फरक जिभेने आत होतो. म्हणून आकडा ठरला की काका भुवया वर करत आणि ती बाई ओरडणे न थांबवता बोटांनी तो आकडा दाखवी. त्या बाया त्यांच्यासाठी म्हणून काही वेगळे करत आहेत असे कोणाला वाटत नसे. ती तिथली रीतच झालेली होती. व्यापारी सांगत की त्यांच्या वहीत आकड्याची चूक निघत नाही, आणि त्याचे कारण मला वाटते हेच, की ऐकणाऱ्या माणसाला आपण बरोबर ऐकले असे वाटून जाते, काकांना तसे वाटणे परवडण्यासारखे नव्हते.

या जागी यंत्राची कामगिरी कशी होती? स्पष्ट सांगायचे तर नापास. यंत्राच्या अंगावर दोन बारीक छिद्रे असतात, तो त्याचा माइक. समुद्राचा वारा त्या छिद्रांवर आदळला की जो घरघराट होतो त्यात माणसाचा आवाज बुडून जातो. त्यात चहूबाजूंचा ओरडा. नव्या यंत्रांत समोरचा आवाज घ्यायचा आणि मागचा दाबायचा, वाऱ्याचा आवाज ओळखून कमी करायचा, अशा सोयी असतात; ऑडिओलॉजिस्ट बाईंनी दुसऱ्या कळीवर तशी मांडणी करून दिली आणि काही फरकही पडला. पण माहितीपत्रकात गजबजलेल्या हॉटेलात हसत बसलेले जे कुटुंब दाखवतात, तेवढा नव्हे. काका लिलावात उतरण्याआधी यंत्र काढून डबीत ठेवत आणि काम संपल्यावर पुन्हा लावत. यंत्र बंद असताना ते सर्वांत सराईत असत, हे मला फार उशिरा लक्षात आले.

घरात मात्र यंत्राने पुष्कळ दिले. समोरासमोर, एका वेळी एक माणूस, पाठीमागे टीव्ही बंद, अशा स्थितीत काका ओठांकडे कमी पाहून बोलू लागले. पूर्वी जेवताना त्यांना बोलणे कळत नसे, कारण घास घ्यायचा की ओठ पाहायचे यातले एकच जमते. आता ताटाकडे पाहूनही त्यांना निम्मे कळे. लहान मुलांचे बोलणे मात्र शेवटपर्यंत अवघड गेले, कारण तो आवाज पातळ आणि मुले एका जागी उभी राहत नाहीत. स्टीलची भांडी आपटण्याचा आवाज त्यांना सहन होत नसे. विहिरीवरचा पंप चालू आहे की नाही हे पूर्वी ते पाइपवर तळहात ठेवून ओळखत. यंत्र आल्यावर पंपाचा आवाज त्यांना पडवीत ऐकू येऊ लागला, तरी ते जाऊन पाइपवर हात ठेवतच, कारण त्यांच्या मते हाताचा पुरावा पक्का. शिमग्याला किंवा गणपतीत जाखडी आली की यंत्र काढूनच ठेवत. ढोलकी आणि नाचणाऱ्यांच्या पायांचा ठेका त्यांना जमिनीतून मिळे, आणि बंद खोलीतल्या आरतीत झांजांचा कडकडाट यंत्रातून आला तर तो नुसता फाटलेला आवाज असतो.

यंत्राइतकाच महत्त्वाचा भाग म्हणजे कानाचा साचा, ज्याला दुकानात मोल्ड म्हणतात. कानात मऊ लगदा भरून माप घेतात आणि त्यावरून प्रत्येकाचा वेगळा साचा बनतो. तो किंचित जरी सैल झाला, तर वाढवलेला आवाज फटीतून बाहेर येऊन पुन्हा माइकात शिरतो आणि शिट्टी वाजते. गंमत अशी की बारीक आवाज ऐकू न येणाऱ्या माणसाला आपल्याच यंत्राची ही शिट्टी ऐकू येत नाही; ती बाकीच्या सगळ्यांना ऐकू येते. काका हसले किंवा त्यांनी सुपारी फोडली की शिट्टी वाजे. आमच्याकडे मग समोरचा माणूस न बोलता स्वतःच्या कानाला बोट लावी आणि काका साचा आत दाबून बसवत. वय झाल्यावर चेहरा उतरतो, कानाचा आकारही थोडा बदलतो. साचा एकदा केला की जन्मभर पुरतो असे नाही. साच्यापासून यंत्रापर्यंत जाणारी पारदर्शक नळी काही महिन्यांत पिवळी आणि कडक होते, ती बदलावी लागते. नळीची किंमत चहापाण्याएवढी, पण ती बदलायला जाण्या-येण्याचा सबंध दिवस.

आता दमटपणाकडे येते, कारण सगळ्यात जास्त पैसा आणि मनस्ताप तिथेच गेला. दापोलीच्या पट्ट्यात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या काळात आमच्याकडे मीठ बरणीत पाणावते आणि काडेपेटी चुलीजवळ ठेवावी लागते, तिथे कानामागच्या घामात दिवसभर राहणाऱ्या इलेक्ट्रॉनिक वस्तूचे काय होणार हे सांगायला नको. यंत्रावर आयपी ६८ असे मानांकन असते आणि विकणारा ते पाण्यापासून पूर्ण संरक्षण म्हणून सांगतो. त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा, हे खरे. पण ती चाचणी गोड्या पाण्यात करतात. घाम आणि समुद्राची फवार दोन्ही खारट असतात. पहिल्याच पावसाळ्यात सेलच्या कप्प्यातल्या पत्र्यावर हिरवट थर जमला आणि यंत्र मध्येच बंद पडू लागले. दुरुस्तीला मुंबईला पाठवले ते परत यायला भाद्रपद उजाडला. वॉरंटीत गंज बसत नाही म्हणून पैसेही पडले.

त्यानंतर हे काम काकूने हातात घेतले, आणि पुढची सगळी वर्षे यंत्र टिकले ते तिच्यामुळे. रात्री जेवणे झाली की काका यंत्र काढून तिच्या तळहातावर ठेवत. ती सेलचा कप्पा उघडून सेल बाहेर काढी, यंत्र जुन्या सुती कापडाने पुसून घेई, साचा नळीसकट ओढून वेगळा करी आणि नळी उजेडाकडे धरून पाही. नळीच्या वळणात मोहरीएवढा पाण्याचा थेंब अडकलेला असे. कानातली उष्ण हवा नळीत येऊन थंड झाली की तो जमतो, आणि तेवढा थेंब आवाज पूर्ण बंद करायला पुरतो. रबरी फुग्याच्या पिचकारीने ती तो फुंकून काढी. मग यंत्र, कप्पा उघडा ठेवून, लोणच्याच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, सिलिका जेलच्या दाण्यांवर एक जाळी ठेवून त्यावर झोपवी. दाणे निळ्याचे गुलाबी झाले की त्यांनी ओल पिऊन घेतलेली असते. लोखंडी तव्यावर मंद आचेवर फिरवले की ते पुन्हा निळे होतात. हा तवा स्वयंपाकाला वापरू नये आणि दाणे मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. विजेवर चालणाऱ्या सुकवायच्या पेट्या दुकानात मिळतात आणि त्या चांगल्या असतात, पण वीज गेली की त्या नुसत्या पेट्या.

सेलचे गणितही इथे वेगळे पडते. या यंत्रात १३ क्रमांकाचा, नारिंगी चिकटपट्टीचा झिंक-एअर सेल बसतो. पट्टी काढली की त्यावरच्या बारीक छिद्रांतून हवा आत शिरते आणि सेल जिवंत होतो. तो मिनिटभर तसाच उघडा ठेवून मग बसवला तर नीट चालतो. पट्टी परत लावून तो थांबवता येत नाही. काका प्रत्येक सेल बसवला की त्याची तारीख हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहीत, त्यामुळे मला खात्रीने सांगता येते की हिवाळ्यात दहा-बारा दिवस चालणारा सेल पावसाळ्यात जेमतेम आठवडा काढी. हे सेल गावात मिळत नाहीत. दापोलीच्या औषधांच्या दुकानांत कधी असतात, कधी नसतात. पट्टी न काढता कोरड्या जागी ठेवले तर ते काही वर्षे टिकतात, म्हणून काका गणपतीच्या आधी एकदम मोठा साठा मागवून पत्र्याच्या डब्यात ठेवत. वापरलेला सेल टाकताना जपावे. लहान मुलाने गिळला तर तो घशात आणि अन्ननलिकेत गंभीर जखमा करतो.

चार्ज करायची यंत्रे त्याहून सोयीची नाहीत का, असे मला अनेकांनी विचारले आहे. शहरात असतील. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्याला लागले आणि दापोली, मंडणगड तालुक्यांची दैना झाली. आमच्या वाडीतल्या पोफळी मोडून पडल्या, घरावरची कौले उडाली, विजेचे खांब आडवे झाले आणि वीज परत यायला कित्येक आठवडे लागले. फोन चार्ज करायला माणसे मोटारसायकलींच्या बॅटऱ्या वापरत होती. अशा वेळी काकांचे यंत्र चालू राहिले ते डब्यातल्या नारिंगी पट्टीच्या सेलांवर, आणि पंचनाम्याला आलेल्या माणसांशी घरात बोलले तेही काकाच. त्या वर्षी खरी अडचण यंत्राची नव्हती, मास्कची होती. ओठ झाकले गेले आणि काकांची निम्मी भाषा गेली. त्यात मास्कचे रबर कानामागे यंत्रात अडके आणि मास्क काढताना यंत्र उडून अंगणात पडे. काकूने मास्कला डोक्यामागे बांधायच्या नाड्या शिवून तो प्रश्न सोडवला, ओठांचा सुटला नाही.

एक गोष्ट मी आज वेगळी केली असती असे नाही, पण घेणाऱ्यांनी तिचा विचार करावा: काकांनी यंत्र एकाच कानाला घेतले. दुसऱ्यासाठी पैसे घालायला ते तयार नव्हते. आवाज कोणत्या बाजूने आला हे मेंदू दोन्ही कानांची तुलना करून ठरवतो. एकाच कानात यंत्र असले की हॉर्न ऐकू येतो, पण गाडी कोणत्या बाजूला आहे ते कळत नाही. हर्णैच्या बाजारात रस्ता इतका अरुंद आहे की एसटी आली की माणसे दुकानांच्या पायरीवर चढतात, आणि काका हॉर्न ऐकून जागच्या जागी थांबून आधी मागे, मग पुढे पाहत. ओळखीचे ड्रायव्हर थांबत, बाहेरगावच्या पर्यटकांच्या गाड्या हॉर्न वाजवत राहत.

किमतीविषयी: या प्रकारची साधी डिजिटल यंत्रे पंधरा-वीस हजारांपासून सुरू होतात आणि वर लाखांपर्यंत जातात. वरच्या किमतीत गर्दीतले ऐकणे काहीसे सुधारते, पण खाऱ्या हवेला महागडे यंत्रही स्वस्ताइतकेच आवडते. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी १९८१ पासून चालू असलेल्या केंद्राच्या एडिप योजनेतून श्रवणयंत्रे मिळतात. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि शिबिराची चौकशी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात करावी. मुंबईला जाणे शक्य असेल तर वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत, जी १९८३ पासून याच कामासाठी आहे, कान तपासून मगच दुकानात जावे, म्हणजे ऑडिओग्राम विकणाऱ्याच्या हातचा राहत नाही.

पाचपैकी गुण द्यायचे तर यंत्राला साडेतीन, मुंबईच्या दुकानाला एक, आणि आठवड्यातून एकदा येणाऱ्या त्या बाईंच्या सेवेला पाच. यंत्र कानामागचे, सेलवर चालणारे, कप्पा सहज उघडणारे घ्यावे. कानाच्या आत पूर्ण बसणारी बारीक यंत्रे आमच्या हवेत मेण आणि ओल यांनी लवकर बंद पडतात आणि जाड बोटांत मावत नाहीत.

काका गेल्यावर यंत्राचे काय करायचे हा प्रश्न आला, आणि त्याचे उत्तर पुष्कळांना ठाऊक नसते म्हणून लिहिते. साचा दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही, तो फेकावा लागतो. यंत्र मात्र संगणकाला जोडून दुसऱ्या माणसाच्या ऑडिओग्रामप्रमाणे पुन्हा मांडता येते, न्यूनता साधारण त्याच पातळीची असली तर. काकूने ते लिलावातल्या एका बाईंच्या वडिलांना दिले. नवा साचा, नळी आणि मांडणी यांचे मिळून जे काही झाले ते त्यांनी भरले. सोबत काकूने बरणी, रबरी पिचकारी आणि उरलेले सेल दिले, आणि कप्पा उघडा न ठेवता यंत्र बरणीत टाकले तर आपण येऊन परत घेऊन जाऊ, असे बजावून सांगितले.